आत्याच्या पाट्या आणि माझं फीड

संध्याकाळी आमच्या घरात तीन आवाज एकापाठोपाठ एक यायचे. आधी दादांची गाडी मागे घेताना वाजणारी किरटी धून. दादा, म्हणजे माझे वडील, हिंजवडीच्या एका कंपनीच्या कॅबवर ड्रायव्हर होते, आणि अंगणात गाडी सरळ घालायला ऐसपैस जागा असूनही ते ती उलटीच घालायचे, कारण ‘सकाळी निघताना तोंड रस्त्याकडं पायजे’. मग परातीत भाकरी थापण्याचा आईचा थपथप आवाज. आणि तिसरा माझ्या मोडेमचा. टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट जोडलं जाताना ते यंत्र आधी शिट्टी मारायचं, मग घोगरं व्हायचं, मग खर्र खर्र करून एकदम गप्प. ‘कोंबडी धरल्यागत वरडतंय गं,’ असं आत्या रोज म्हणायची. एवढं म्हणून झालं की हातावरची पाटीच्या पेन्सिलीची भुकटी पदराला पुसून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची.

कॉम्प्युटर दादांनी कुठल्याशा ऑफिसच्या सामानहलवणीत भंगाराच्या भावात उचलला होता. पडद्याच्या कोपऱ्यावर आधीच्या कुणा साहेबाच्या टेबलाचं स्टिकर होतं. ते मी कधी काढलं नाही. ते बघून आपणही कंपनीत आहोत असं वाटायचं. यंत्र ठेवायला जागा मिळाली ती तांदळाच्या कोठीशेजारी. त्याला आईने जुन्या साडीचं झालरवालं पांघरूण शिवलं होतं, आणि कुणी पाहुणा आला की ते नवरीच्या डोक्यावरच्या पदरासारखं हळूच वर केलं जायचं. आज मी हिंजवडीत अकराव्या मजल्यावर राहते, थंडगार ऑफिसात बसते, तरी एखादं यंत्र तापलं की मला आंबेमोहोर तांदळाचा वास येतो. ऑफिसातल्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं मॅडमना भूक लागली. तेही बहुतेक वेळा खरंच असतं.

आत्या म्हणजे शेवंताआत्या, दादांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर लहानग्या रेखाताईला कडेवर घेऊन ती माहेरी आली आणि आमच्यातच राहिली. कासारसाईच्या धरणाच्या अलीकडे आमची वस्ती, तिथली अंगणवाडी ती चालवायची. पण गावाला ती माहीत होती ती पाट्यांमुळे. समाजमंदिराच्या पडवीत भिंतीवर एकाखाली एक असे दहा खिळे होते आणि प्रत्येक खिळ्यावर एक पाटी. अंगणवाडीतल्या पोरांनी चौकटी मोडून टाकलेल्या पाट्या तिने तारेने बांधून घेतल्या होत्या. एका पाटीवर एक बातमी. रॉकेल कधी येणार, पोलिओचा डोस कधी, लाईट किती वाजता जाणार, धरणातून कालव्याला पाणी कधी सुटणार, कोण वारलं. नवी बातमी आली की ती पाटी सगळ्यात वरच्या खिळ्यावर. बाकीच्या सगळ्या एकेक खिळा खाली सरकायच्या. सगळ्यात खालची उतरायची, पुसली जायची आणि पुढच्या बातमीसाठी मोकळी व्हायची.

हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे काढून घेणंही कुणाला शक्य नव्हतं. गावठाणातले बडे शेतकरीसुद्धा पाण्याची पाळी बघायला आमच्या बौद्धवस्तीत यायचे. सुरुवातीला म्हणे गाडीवर बसूनच लांबून वाचायचे. तर आत्याने काय करावं? अक्षर बारीक केलं. ‘खाली उतरून, पायऱ्या चढून, जवळ आल्याबिगर वाचता येऊ ने,’ एवढंच ती म्हणायची. मग लोक उतरू लागले, पायऱ्या चढू लागले, पुढं पुढं ‘जयभीम बाई’ म्हणू लागले, आणि उन्हाच्या दिवसांत तिथंच पाणी मागून पिऊ लागले. अक्षर मात्र तिने पुन्हा कधी मोठं केलं नाही.

पाटीची मांडणी ठरलेली. मधे मोठा मथळा आणि त्याखाली दोन ओळी, त्याहून जास्त नाही. ‘समदं पाटीवर लिवलं तर मानूस पाटीपाशीच थांबतो, हापिसात जात न्हाई.’ वर उजवीकडे तारीख आणि वेळ. खाली डावीकडे, सगळी माहिती कुठं मिळेल ते. खाली उजवीकडे, कुणी सांगितलं ते. आणि वर डावीकडे एक आकडा. हे आकडे मी शाळेत असल्यापासून चढत चालले होते आणि हजाराच्या पुढं गेले होते. एकदा दिलेला आकडा ती दुसऱ्या बातमीला कधीच देत नसे. लिहिलेली बातमी बदलली तर पाटी पुसायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि नवी पाटी, नवा आकडा, वरचा खिळा. सगळ्या पाट्या उतरवून एकच पाटी वर टांगलेली मी तोवर दोनदाच पाहिली होती. एकदा धरणातून एकदम जास्त पाणी सोडणार होते तेव्हा, आणि एकदा वस्तीतलं पोर हरवलं होतं तेव्हा. बाकी नऊ खिळे रिकामे दिसले की माणूस लांबूनच पळत यायचा.

मी तेव्हा पुण्यात बीसीएसला होते. एक दिवस सरांनी वर्गात फीड शिकवलं. वेबसाइटवर जे जे नवीन येतं त्याची एक साधी यादी ती साइट आपली आपण करून ठेवते. मथळा, दोन ओळींचा सारांश, तारीख, आणि मूळ पानाचा पत्ता. तुमच्याकडे फीड वाचणारा प्रोग्रॅम असला की तो अशा सगळ्या याद्या मधूनमधून जाऊन बघतो आणि नवं तेवढं तुमच्यापुढं आणून ठेवतो. तुम्ही दहा साइटी धुंडाळत बसायचं नाही. वर्ग मान हलवत होता. मी तर सगळ्यात जोरात हलवत होते, कारण मला काडीचंही कळलं नव्हतं. संध्याकाळी बसमधून उतरले, समाजमंदिरापाशी आले, आणि पायरीवर पाय ठेवल्यावर तशीच उभी राहिले. नवी पाटी वर. जुनी खाली. मथळा, दोन ओळी, तारीख, कुठं जायचं. सर ज्याला परदेशातला नवा शोध म्हणत होते तो आमच्या पडवीत खिळ्यांवर लटकत होता, आणि त्याला तारेने बांधलेलं होतं.

पळत घरी जाऊन मी आत्याला हे सांगितलं. वाटलं, ती भारावून जाईल. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, ‘मग सरांना म्हनावं, खिळं जरा लांब घ्या. पावसाळ्यात भिताडाला वल येती.’

आत्या तोवर दर सोमवारी दोन बस बदलून जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयात जायची, तिथला नोटीस बोर्ड वहीत उतरवून आणायची. नंतर त्या कार्यालयाने वेबसाइट काढली, पण फीड वगैरे त्यांच्या गावी नव्हतं. नुसतं एक लांबलचक पान, त्यावर सूचना. तेव्हा मी एक प्रोग्रॅम लिहिला. मी मोडेम लावलं की तो ते पान उघडायचा, सूचना एकेक सोलून काढायचा, त्यांचं फीड बनवायचा आणि इंटरनेटवर फुकट मिळालेल्या जागेत ठेवून यायचा. महिनाभर ते चालेना. पहिल्यांदा चाललं तेव्हा सगळ्या सूचना उलट्या क्रमाने आल्या, दुसऱ्यांदा मराठीच्या जागी नुसत्या चौकटी आल्या. तिसऱ्यांदा नीट आलं आणि मी घरभर नाचले. आईने तेवढ्यात भाकरी करपवली आणि त्याचा दोषही इंटरनेटवर गेला.

रेखाताईने तिच्या हॉस्टेलवर ही गोष्ट सांगितली. ती नर्सिंग करून पिंपरीकडच्या एका खासगी दवाखान्यात लागली होती. तिच्यासारख्या कितीतरी मुली सरकारी भरतीच्या सूचनेकडे डोळे लावून बसलेल्या. सायबर कॅफेत जाऊन त्यांनी माझं फीड लावून घेतलं आणि बघता बघता तीस-चाळीस मुली झाल्या. मी त्या काळात वहीच्या मागच्या पानावर सहीचा सराव करत असे. कुणी सही मागितली नाही ही गोष्ट वेगळी.

एकाच माणसावर माझ्या कीर्तीचा परिणाम होत नव्हता. आत्या माझ्या फीडवरून पाट्या लिहायची, पण ‘कुणी सांगितलं’च्या कोपऱ्यात दर वेळी लिहायची: ‘संगणक. खात्री करणे.’

‘आत्या, सरपंचांचं नाव लिहितेस, पोस्टमनचं लिहितेस. माझं नाव लिहायला काय होतं गं?’

‘पोस्टमनला मी वीस वर्सं बघतीया.’

‘आणि मला?’

‘तुला बी वीस वर्सं बघतीया. म्हनून तर.’

आणखी एकदा तिने मला विचारलं होतं, की तुझ्या फीडमधे बातमीला आकडा कुठं असतो. मी हसले. म्हटलं, आकडा कशाला, मथळ्यावरून कळतंच की. माझा प्रोग्रॅम मथळा बघायचा. ओळखीचा असला तर जुनी सूचना, अनोळखी असला तर नवी. सरांनी वर्गात सांगितलं होतं की प्रत्येक बातमीला आपली स्वतंत्र ओळख द्यायची असते, पण ते मी ‘परीक्षेपुरतं’ या कप्प्यात टाकलं होतं. आत्याने मग मला अंगणवाडीतली गोष्ट सांगितली. एका वर्षी तिच्याकडे दोन रोहन आले, आडनावही एकच. एकाला लस दोनदा टोचली गेली, दुसऱ्याला टोचलीच नाही. त्या दुसऱ्याला पुढं गोवर निघाला तेव्हा ती आठवडाभर त्याच्या उशाशी बसली होती. ‘नावं सारखी निघत्यात बाय. तवापासनं मी पोराला बी आकडा देती आन पाटीला बी.’ मी ‘हं’ म्हटलं. माझ्या आयुष्यातल्या निम्म्या चुका या ‘हं’मधून निघाल्यात.

मग ती भरती निघाली. रेखाताईच्या वयाची अट त्या वर्षी संपत होती. हा तिचा शेवटचा फॉर्म. परीक्षा झाली, गुणांची यादी लागली. जागा नऊ आणि रेखाताई तेरावी. चौघी कुणी कागदपत्रांच्या पडताळणीला आल्या नाहीत, किंवा कुणाचं प्रमाणपत्र कमी पडलं, तरच तिचा नंबर. घरात त्या दिवसांत तेरातून नऊ वजा करण्याचं काम सगळेच करत होते, अगदी भाजी निवडताना सुद्धा. सूचना आली, फीडने ती पकडली, आत्याने पाटी लिहिली: ‘परिचारिका भरती – सूचना. पडताळणी पुढच्या सोमवारी.’ रेखाताईने सगळे मूळ कागद ट्रंकेतून काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले, आणि ती पिशवी माझ्या कॉम्प्युटरच्या झालरीखाली ठेवली. घरातली सगळ्यात सुरक्षित जागा तीच, असं ठरलं होतं.

बुधवार होता. रेखाताईची साप्ताहिक सुट्टी, म्हणून ती घरी आली होती. आमच्याकडे लाईट चार वाजता यायची आणि सहाला जायची. आई मागच्या दारी धरणातली चिलापी मासळी साफ करत होती. आत्या अंगणवाडीतून आली ती उंबऱ्यातच थांबली.

‘सुजे, तुजं फीड चार दिस गप का हाय?’

‘नवीन काही नसेल आत्या.’

‘भरती चालू हाय आन हापिस गप? आगं, भरतीच्या टायमाला हापिस दिसातनं तीनदा शिंकतं. गप ऱ्हायलं म्हंजी कायतरी अडलंय. मूळ पान दाव.’

मी जरा आढेवेढेच घेतले. मूळ पान बघायचं तर मग फीड कशाला, असा माझा तात्त्विक मुद्दा होता. आत्याने तो पुरा ऐकून घेतला आणि म्हणाली, ‘दाव.’

मोडेम ओरडलं. पान हळूहळू वरून खाली उघडत गेलं. सगळ्यात वर होतं: ‘परिचारिका भरती – सूचना.’ आणि त्याच्या खाली पुन्हा: ‘परिचारिका भरती – सूचना.’ अक्षरन् अक्षर तोच मथळा. खालची सोमवारची. वरची, दोन दिवसांपूर्वी टाकलेली: प्रशासकीय कारणास्तव पडताळणी आधीच्या तारखेस घेण्यात येत असून ती गुरुवारी सकाळी होईल, गैरहजर उमेदवारांचा विचार केला जाणार नाही.

गुरुवार म्हणजे उद्या.

माझ्या हुशार प्रोग्रॅमने मथळा बघितला होता, ‘हा ओळखीचा’ म्हटलं होतं आणि दुसऱ्या रोहनला दाराबाहेरच ठेवलं होतं.

आई हाताला खवले तशीच आत आली. सगळं ऐकून तिने सुस्कारा सोडला. ‘येळेवर कळलं बाई. आता रेखा, उद्या पहाटंच निघायचं.’ रेखाताई पडद्याकडे बघत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘मामी, हॉस्टेलवर कुणालाच ठावं न्हाई. समद्या सुजीच्या फीडवरच हायेत. माज्या वरच्या बारा जणींतल्या पाच तर आमच्याच.’

हे ऐकून पुढचं गणित कुणीच तोंडाने केलं नाही. पण ते खोलीत झालं. मीही केलं. खोटं कशाला सांगू, माझं उत्तर सगळ्यांच्या आधी आलं असणार, मी गणितात बरी होते. तेरातून पाच, राहिले आठ. जागा नऊ.

आत्या खाटेवर बसली. ‘सुजे, ह्या पोरी सोमवारची वाट कुनाच्या भरवशावर बघत्यात?’

मी खुर्ची पडद्याकडे वळवली.

‘तुज्या. मग त्यास्नी सांगायचं कुनी?’

‘आई,’ रेखाताईचा आवाज फाटला, ‘माजा शेवटचा फॉर्म हाय गं. पुढल्या सालाला मला कुनी इचारनार न्हाई. हापिसानं सूचना लावली हाय, ज्येनं त्येनं बघावी. आपन कुटं चोरी केलीया?’

‘न्हाई केली. पर पाटी माज्या हातात हाय म्हनून माज्या लेकीपुरतीच लिवू व्हय?’

‘लाव मग पाट्याच! जलमभर पाट्याच लावल्यास तू!’ असं म्हणून रेखाताई तडक मागच्या दारी गेली आणि धुण्याच्या दगडावर पाठ करून बसली. आत्या उठली नाही, तिच्या मागं गेली नाही. तिचा हात तेवढा गुडघ्यावर उगाचच फिरत राहिला, पाटी पुसावी तसा. मग मला म्हणाली, ‘सहाला लाईट जाईल. किती वाजलं?’

पाच वाजून गेले होते.

मी प्रोग्रॅम उघडला. आता नुसता मथळा नाही. मथळा, तारीख आणि खालचा सगळा मजकूर मिळून एक आकडा बनवायचा, म्हणजे मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी आकडा बदलेल. करायला सोपं होतं. पहिल्या दिवशी केलं असतं तर दहा मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी आत्या मागे उभी राहून श्वासही मोजून घेत होती. झालं. चालवून बघितलं, आणि मी कपाळाला हात लावला. आकडे बदलल्यामुळे सगळ्या सूचनांची ओळखच बदलली होती. जुन्या, शिळ्या, गेल्या पावसाळ्यातल्या फवारणीच्या सूचनासुद्धा ‘नवीन’ म्हणून रांगेत उभ्या. मुलींच्या पडद्यावर पंचवीस-तीस सूचनांचा ढीग पडला असता आणि त्या ढिगात ही एक.

‘आत्या, हे निस्तरायला वेळ लागेल. लाईट जाईल तोवर.’

तिने पडद्यावरची लांबच लांब यादी बघितली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तिला सगळं कळलं होतं. ‘बाकीच्या पाट्या उतरव,’ ती म्हणाली. ‘वर एकच ठेव.’

मी बाकी सगळं काढून टाकलं. एकच सूचना, एकच मथळा, आणि त्यात मी स्वतःच्या हाताने घातलं: ‘तारीख बदलली. उद्या, गुरुवारी सकाळी.’ पाठवायला सुरुवात केली. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी निघाली. अर्ध्यावर आली, पाऊण झाली, आणि लाईट गेली. घड्याळात सहाला पाच कमी होते. आमच्याकडे लाईट यायला उशीर करायची, जायला कधीच नाही. कॉम्प्युटरची बॅटरी टीं टीं करू लागली. निळी पट्टी पूर्ण दिसत होती की मला तशी वाटत होती, हे कळायच्या आत पडदा काळा झाला.

‘ग्येलं का?’

‘माहीत नाही.’

फोन मात्र चालू होता. टेलिफोनला लाईट लागत नाही. हॉस्टेलचा नंबर माझ्याकडे नव्हता. आत्याने मागच्या दाराकडे बघितलं, पण हाक मारली नाही. बाहेर फक्त आईचा विळीवरचा आवाज. मग रेखाताई आत आली. आमच्या दोघींकडे न बघता तिने फोन उचलला, तोंडपाठ नंबर फिरवला आणि रागातच बोलू लागली, ‘मालन हाय का? मालन, पळत कॅफेत जा. फीड उघड. दिसतंय का बघ आन मला फोन कर. न्हाई, आत्ताच. आन दिसलं तरी न दिसलं तरी समद्यास्नी सांग, पडताळनी उद्या हाय.’ फोन ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

अर्ध्या तासाने फोन वाजला. फीड पोचलं होतं. ‘एकच वळ हाय म्हनती,’ रेखाताई भिंतीकडे बघत म्हणाली. ‘कॅफेवाल्याला आधी वाटलं कायतरी बिघडलंय.’ त्या दिवशीची चिलापीची आमटी कुणाला गोड लागली नाही. मी मात्र दोनदा भात घेतला. माझ्या अंगात अपराधीपणाही भुकेच्याच वाटेने येतो.

दुसऱ्या दिवशी दादांनी एका मित्राशी ड्यूटी बदलून आम्हाला नेलं. पहाटे निघूनही हिंजवडीच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकलो, तेव्हा दादा पहिल्यांदाच हॉर्न न वाजवता बसले. कार्यालयाच्या आवारात मुलीच मुली. गळ्यात ओढण्या, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या. रेखाताईच्या वरच्या बाराच्या बारा हजर. ती आली तेव्हा तेरावी होती, पडताळणीनंतरही तेरावीच राहिली. एक उंच मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘तुम्हीच का त्या फीडच्या?’ मी मान ताठ केली. ती म्हणाली, ‘मथळे जरा छोटे करा ना, कॅफेतल्या पडद्यावर अर्धेच दिसतात.’

रेखाताई प्रतीक्षा यादीत चौथी लागली. आत्याने यादी पाटीवर लिहिली. निवड झालेल्या नऊ जणींची. नवा आकडा, तारीख, आणि कोपऱ्यात ‘संगणक. खात्री करणे.’ रेखाताई पुढचे काही बुधवार आत्याशी तोंडापुरतं बोलली. आत्या नेहमीसारखी तिचा हॉस्टेलवर न्यायचा डबा भरायची, फक्त त्यात सुकटीची चटणी जास्त असायची. मी तिला एकदाच विचारलं, तुला वाईट नाही का वाटत? ती पाट्यांच्या तारा आवळत होती. ‘वाटतंय की,’ म्हणाली. ‘लई वाटतंय.’ आणि तार आवळत राहिली. मी तिला याआधी खंबीर वगैरे समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तिला सगळं आपल्यासारखंच दुखतं, आणि तरीही ती पाटी लिहिते.

भात झोडून झाला होता, अंगणात पेंढ्याचा ढीग होता, त्या सुमाराला एका संध्याकाळी मोडेम ओरडून गप्प झालं आणि फीडमधे एक नवी ओळ उगवली. ‘परिचारिका भरती – सूचना.’ तोच मथळा. माझ्या जुन्या प्रोग्रॅमने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. आत होतं: काही उमेदवार रुजू न झाल्याने प्रतीक्षा यादीतून पुढील चार नावं. चौथं नाव मी तीनदा वाचलं. मग मी स्वतःहून, कुणी न सांगता, मूळ पान उघडलं आणि तिथंही वाचलं. मगच ओरडले.

रेखाताई आज एका ग्रामीण रुग्णालयात मुख्य परिचारिका आहे. नव्या मुलींना ती ही गोष्ट सांगते. तिच्या गोष्टीत ‘मीच आईला म्हणाले, सगळ्यांना कळव’ असं वाक्य असतं. मी मधे बोलत नाही. नंबर तिनेच फिरवला होता, तेव्हा तिचा हक्क आहे. आत्याच्या हातात आता नातवंडांनी मोबाईल दिलाय. कुणी काही पुढं ढकललेलं वाचून दाखवलं की ती विचारते, ‘कुनी सांगितलं? कवाचं हाय?’ आणि उत्तर मिळालं नाही की चष्मा काढून ठेवते.

पण रेखाताईचं नाव आलं त्या संध्याकाळी तिने चष्मा लावला. कंदिलाच्या उजेडात नाही, चांगला बल्ब चालू असताना, सावकाश पाटी लिहिली. आपल्या मुलीचं नाव इतर तीन नावांनंतर, त्याच मापाच्या बारीक अक्षरात. आकडा. तारीख. आणि खाली उजव्या कोपऱ्यात: ‘सुजाता.’ पुढं काही नाही. मी पडवीत उभी राहून तो कोपरा इतका वेळ बघितला की पाण्याची पाळी बघायला आलेल्या एका बाबांनी मला ‘सर की पोरी’ म्हणून बाजूला केलं. त्यानंतर रोज मी कॉलेजातून येताना माझं नाव कितव्या खिळ्यावर आलंय ते बघायची. दुसऱ्या, पाचव्या, आठव्या. एक दिवस येऊन बघते तर आत्या ओल्या फडक्याने तीच पाटी पुसत होती.

‘अगं आत्या! माझं नाव होतं ना त्याच्यावर!’

‘मग?’ तिने पाटी उन्हाला धरली आणि वाळलीय का ते बघितलं. ‘उद्याची बातमी आन. परत लिवती.’